थांबता आलं पाहिजे, बॉस!

तुमच्या कारचं किंवा बाइकचं शेवटचं सर्व्हिसिंग आठवा. पॉलिश चकाचक झालंय का ते बघितलंत. एसी गार करतोय का, तेही बघितलंत. म्युझिक सिस्टिम तर घरी येईपर्यंत फुल व्हॉल्यूमवर तपासलीत. आणि ब्रेक ऑइल? ते शेवटचं कधी बदललं? नाही ना आठवत? मलाही आठवत नव्हतं. गेल्या जुलैपर्यंत.

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर ताईकडे होते, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला. ताई आणि भावोजी दोघंही आयटीवाले, पुण्याहून तिकडे जाऊन स्थिरावलेले. अशा घरापुढे काय उभं असतं? एक सेडान, एक एसयूव्ही. ताईच्या घरापुढे तिसरीही गाडी होती. दहा टायरचा, हिरवागार, अमेरिकन लष्कराचा ट्रक! एम-३५ ए-२, मॉडेल १९७१.

या ट्रकला तिकडे लाडाने ‘ड्यूस अॅण्ड अ हाफ’ म्हणतात. म्हणजे अडीच, कारण रस्ता सोडून रानात शिरला तरी अडीच टन माल वाहायचा हे त्याचं काम. रिओ या कंपनीने १९५० च्या सुमारास हे ट्रक बनवायला सुरुवात केली. व्हिएतनाम युद्धात ते धावले, पुढे कित्येक दशकं लष्करात राहिले आणि मग लिलावात निघाले. भावोजींनी त्यातलाच एक उचलला. त्यांच्या आजोबांकडे दुसऱ्या महायुद्धानंतरची डिस्पोजलची जीप होती म्हणे. त्यामुळे ‘हे रक्तातच आहे’ असं ते सांगतात आणि ताई कपाळाला हात लावते.

पेडल तळाला!

दर ४ जुलैला गावातल्या परेडमध्ये हा ट्रक जातो. मागे बाकांवर गल्लीतली मुलं बसतात, त्यात माझा नऊ वर्षांचा भाचाही. परेडच्या दोन दिवस आधी भावोजी ट्रक बाहेर काढायला निघाले. मी शेजारच्या सीटवर. इंजिन सुरू केल्याबरोबर कर्कश बझर वाजायला लागला.

‘‘भावोजी, हे काय?’’

‘‘ब्रेकची हवा कमी आहे. थांब, भरू दे.’’

मिनिटभरात डॅशबोर्डवरचा काटा वर चढला, बझर गप्प झाला. ‘‘चला, प्रेशर आलं,’’ असं म्हणत त्यांनी पहिला गिअर टाकला. घरासमोरचा रस्ता उताराचा, खाली मेन रोड. कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं! पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. मला काही कळायच्या आत त्यांनी हॅण्डब्रेक खेचला. ट्रक एक धक्का देऊन शेजाऱ्यांच्या टपालपेटीपासून हातभर अंतरावर थांबला.

आमचा वेग चालणाऱ्या माणसाइतका होता, आणि मागचे बाक रिकामे होते. हे दोनच दिवसांनी झालं असतं तर? ताई दारातून सगळं बघत होती. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, ‘‘या वर्षी परेड नाही. आणि हे नीट झाल्याशिवाय माझा मुलगा यात बसणार नाही.’’

बझर वाजला नाही, कारण...

मला एकच प्रश्न पडला होता. बझर बंद झाला होता, प्रेशर आलं होतं, मग ब्रेक फेल कसा झाला? संध्याकाळी भावोजींनी कागदावर आकृती काढून समजावलं.

या ट्रकचा ब्रेक म्हणजे हवा आणि तेल यांची जोडी. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलला रेटतो. ते तेल जातं चेसीला बसवलेल्या ‘एअर-पॅक’ नावाच्या नळकांड्यात. तेलाचा दाब आला की तिथला व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतली हवा आत घुसते. ही हवा मोठ्या पिस्टनला ढकलते, मोठा पिस्टन लहान पिस्टनला, आणि तुमच्या पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढून सहा ब्रेक ड्रमपर्यंत पोहोचतो. रिकामा असतानाच सहा टनांच्या आसपास वजन, तेव्हा नुसत्या पायाच्या जोरावर कसं भागणार?

आता गंमत बघा. हवा संपली तर पेडल दगडासारखं घट्ट होतं. पण उभं राहून सगळा जोर लावला तर ब्रेक थोडा तरी लागतो. तेल संपलं तर मात्र पेडल मऊ होतं, थेट तळाला जातं. मग टाकीत कितीही हवा असो, ती ढकलणार कशाला? आणि बझर फक्त हवेचा! प्रेशर ६० पीएसआयच्या खाली गेलं की तो बोंबलतो. तेल कमी झालं तर कुणीच काही सांगत नाही. तेलाची पातळी बघायची तर केबिनच्या फरशीतलं झाकण काढून खाली डोकवावं लागतं. डोकवतं कोण? भावोजींनी त्या वर्षी नवा रंग दिला होता, ताडपत्री बदलली होती. फरशीचं झाकण काही उघडलं नव्हतं.

बरं, तेल गेलं कुठे? जमिनीवर एक थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी एअर-पॅक उघडला तेव्हा चोर सापडला. आतलं रबरी सील गेलं होतं आणि तेल हळूहळू हवेच्या बाजूला झिरपत होतं. म्हणून जुन्या ट्रकवाल्यांचा नियमच आहे, तेल कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर आधी एअर-पॅकवर संशय घ्या.

जांभळं तेल

मग भावोजींचे सगळे वीकेण्ड ट्रकखाली जायला लागले. एअर-पॅकला नवं किट, मास्टर सिलिंडर नवा, सगळे रबरी होज नवे. व्हील सिलिंडर आतून गंजून खरवडल्यासारखे झाले होते. तेही सहाच्या सहा बदलले.

हा गंज येतो कुठून? तर तेलातूनच! नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. त्याने आतून गंज चढतो आणि तेल कमी तापमानालाच उकळायला लागतं. वर्षाचे अकरा महिने उभ्या असणाऱ्या ट्रकसाठी हे स्लो पॉयझनच. म्हणून अमेरिकन लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकॉनचं तेल आणलं, डॉट ५, रंगाने जांभळं. ते पाणी शोषत नाही. पण म्हणून बाटली आणली आणि ओतली, असं चालत नाही. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नसतं. आधी सगळी लाइन रिकामी आणि साफ करायची, रबर बदलायचं, मगच हे भरायचं. आणि डॉट ५.१ हा त्याचा धाकटा भाऊ नव्हे. नाव सारखं असलं तरी तो डॉट ४ च्याच घराण्यातला.

ओरिजिनल की सेफ?

ट्रक दुरुस्त झाला. विषय संपला? छे! खरं भांडण तर आता सुरू झालं.

या ट्रकमध्ये सहाही चाकांना तेलाची एकच लाइन आहे. एक होज फुटला की सगळे ब्रेक गेले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून कारना दोन वेगळ्या लाइन सक्तीच्या झाल्या, एक गेली तर दुसरी शिल्लक राहावी म्हणून. लष्करासाठी बनलेल्या गाड्यांना हे नियम लागू नव्हते. म्हणजे १९७१ चा हा ट्रक त्या वर्षीच्या साध्या फॅमिली कारपेक्षाही या बाबतीत मागे!

उपाय आहे. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर लावायचा. त्यातून एक लाइन पुढच्या चाकांना, दुसरी मागच्या दोन ॲक्सलना, आणि दोघींना आपापला बूस्टर. पण भावोजींचं मन होईना. ‘‘मग तो ओरिजिनल राहत नाही गं. बोल्ट न् बोल्ट मॅन्युअलप्रमाणे ठेवलाय मी.’’

मला त्यांचं पटत होतं. जुनी वस्तू जपायची तर जशी होती तशी जपावी. ताई मात्र एवढंच म्हणाली, ‘‘ट्रक लष्कराचा होता तेव्हा त्यात सैनिक बसायचे. आता तू गल्लीतली पोरं बसवतोस.’’

यावर काय बोलणार? भावोजींनी ट्रकच्या ब्रेकचंच काम करणारं वर्कशॉप गाठलं. कुठल्या लाइनला किती तेल लागतं, पेडल किती खाली जातं, हे सगळं मोजून काम झालं. चेसीला एकही नवं भोक पाडलं नाही आणि काढलेले पार्ट खोक्यात नीट जपून ठेवलेत. कधी म्युझियमला द्यायचा झाला तर ट्रक पुन्हा होता तसा करता येईल.

ऑक्टोबरात त्यांनी व्हिडिओ पाठवला. रिकामं, सपाट पार्किंग. पुढच्या लाइनचा ब्लीडर मुद्दाम सैल केलेला. ट्रक चालण्याच्या वेगात येतो, भावोजी ब्रेक दाबतात. पेडल बरंच खाली जातं... पण ट्रक थांबतो! मागून ताईचा आवाज येतो, ‘‘परत एकदा दाखव.’’ ते परत दाखवतात. आणखी एकदा दाखवतात. मग ती भाच्याला म्हणते, ‘‘जा, बस.’’

व्हिडिओ बघून मी त्याच शनिवारी माझी गाडी घेऊन गॅरेजला गेले. ब्रेक ऑइल बघायला सांगितलं. मेकॅनिकने झाकण उघडलं, आत बोट बुडवून मला दाखवलं. कॉफीसारखं काळं! ‘‘मॅडम, दोन वर्षांनी बदलायचं असतं हे.’’

माझ्या गाडीला पाच वर्षं झाली होती.

ट्रकवाल्यांची चेकलिस्ट

* फेरीआधी फरशीचं झाकण उघडून तेल बघा. कमी असेल तर नुसतं भरू नका, गेलं कुठे ते शोधा.
* हवेच्या टाक्यांच्या तळाचे कॉक उघडून साठलेलं पाणी रोज काढा.
* लाइनमधली हवा काढताना आधी एअर-पॅक, मग चाकं.
* जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने उडवू नका, ओलं करून पुसा.
* हॅण्डब्रेकची तार आणि ॲडजस्टमेंट तपासा. तो मागच्या शाफ्टवर लागतो, तेलाशी त्याचा संबंध नाही. आम्हाला त्या दिवशी त्यानेच वाचवलं.