पत्ता उजवीकडून वाचा

हजच्या अर्जासाठी आधी वैध पासपोर्ट लागतो. घरात हजचा इरादा पक्का झाला की अब्बा मुलाला सांगतात, "बेटा, मोबाइलवर बघ जरा." मुलगा गुगलवर 'पासपोर्ट अर्ज' असे शोधतो आणि पहिली दिसेल ती साइट उघडतो. धोका इथेच असतो.

गुगलवर सर्वांत वर येणारे निकाल बऱ्याचदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. त्यांच्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. पासपोर्टच्या नावाने चालणाऱ्या बनावट साइट्सबद्दल परराष्ट्र मंत्रालयानेच लोकांना सावध केले आहे. त्या अर्ज भरून घेतात, पैसेही घेतात. पैसे तर जातातच, शिवाय जन्मतारीख, पत्ता आणि आधारची प्रत परक्या हाती पडते. खरा अर्ज झालेलाच नसतो आणि तोवर हजच्या अर्जाची मुदत निघून जाते.

रूपावरून खरे-खोटे ओळखता येत नाही. अशोकस्तंभाचे चित्र कोणीही उचलून लावू शकतो. पत्त्याशेजारचे कुलूपही साइट खरी असल्याची खूण नाही. तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोकांचा तसा गैरसमज होतो म्हणून गुगल क्रोमने 2023 मध्ये ते चिन्ह बदलले. उलट सरकारी साइट कधी किचकट आणि संथ असते, तर बनावट साइट सुटसुटीत असते.

खरी ओळख पत्त्यात असते. मोबाइलमध्ये वरच्या पट्टीवर बोट टेकवले की पूर्ण पत्ता दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा आणि पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. तिथून उर्दूसारखे उजवीकडून डावीकडे वाचा. तशी रेघ नसेल तर शेवटापासून वाचा. शिष्यवृत्तीच्या 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यात आधी देश येतो, मग सरकार, मग राज्य आणि शेवटी योजना. पाकिटावरच्या पत्त्यातही घर आधी आणि देश शेवटी असतो. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतो.

फसवणारा नेमका इथेच खेळ करतो. समजा, पत्ता असा आहे: 'पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम'. डावीकडून वाचणाऱ्याला तो सरकारी वाटेल. उजवीकडून वाचले की मालक 'अमुक डॉट कॉम' आहे हे लगेच कळते.

म्हणून पासपोर्टसाठी 'पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन' आणि हज कमिटीसाठी 'हजकमिटी डॉट जीओव्ही डॉट इन' हे पत्ते इंग्रजी अक्षरांत घरच्या डायरीत लिहून ठेवा आणि स्वतः टाइप करा. खासगी टूरची साइट 'डॉट कॉम' असली म्हणजे ती खोटी असे नाही. पण पैसे भरण्याआधी त्या टूरचे नाव अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीत पाहा.

तरीही पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून एखादा पत्ता उजवीकडून वाचून पाहा. अम्मी आणि दादीलाही सोबत बसवा. उजवीकडून वाचायची सवय त्यांना तुमच्यापेक्षा जुनी आहे.