सही म्हणजे संमती नव्हे

‘कामगाराने स्वखुशीने सही केली आहे, मग तक्रार कसली?’ अमेरिकेत ‘नॉन-कॉम्पीट’ कराराची बाजू घेणारे सुरुवात इथूनच करतात. नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचे नाही आणि स्वतःचा तसा धंदाही काढायचा नाही, अशी या कराराची अट असते. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ कोटी माणसे, म्हणजे पाचांतला जवळपास एक कामगार, या अटीने बांधलेला आहे.

कमिशनने २३ एप्रिल २०२४ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी या करारांवर देशव्यापी बंदी घातली. ती लागू होण्याआधीच, २० ऑगस्टला, टेक्सासच्या संघीय न्यायालयाने नियम रद्द केला आणि सप्टेंबर २०२५मध्ये कमिशनने अपीलही सोडून दिले. तेव्हापासून करारांचे समर्थक जिंकल्याच्या सुरात बोलत आहेत. पण असा नियम करण्याचा कमिशनला अधिकार नाही आणि सरसकट बंदीची कारणे पुरेशी नाहीत, एवढेच न्यायालयाने म्हटले. हे करार कामगाराच्या हिताचे आहेत, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही.

आता ‘स्वखुशी’चे पाहू. जिमी जॉन्स या सँडविच विकणाऱ्या साखळीतल्या साध्या कामगारांच्या करारांतही ही अट होती. न्यूयॉर्क आणि इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलनी हात घातल्यावर २०१६मध्ये ती सोडावी लागली. पावात काकडी-टोमॅटो भरणाऱ्या मुलापाशी कोणते व्यापारी गुपित असते? आणि भाडे थकलेले असताना, पुढे आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातले एक कलम खोडून मागण्याची ताकद त्याच्यात कुठून येणार?

खऱ्या गुपितांसाठी वेगळा कायदा आहेच. २०१६च्या संघीय कायद्याने गुपित चोरणाऱ्यावर दावा लावता येतो, गोपनीयतेचा करारही करता येतो. चोरीला शिक्षा जरूर व्हावी, पण चोरी होईल या भीतीने माणसाला घरी बसवणे हा अन्याय आहे. ‘प्रशिक्षणावरचा खर्च बुडेल’ हा आक्षेप थोडा वजनदार आहे. त्यावर पगार वाढवून माणूस टिकवावा, हे माझे उत्तर. ओरेगनने २००८पासून तासावारी कामगारांना या अटीतून बरेचसे मोकळे केले, तेव्हा त्यांचे वेतन सरासरी २ ते ३ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात दिसले. अटीची किंमत कोणाच्या खिशातून वसूल होत होती, ते यावरून कळते.

‘बंदी आली की उद्योग बुडतील’ म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाहावे. तिथे १८७२पासून असे करार निरर्थक आहेत आणि सिलिकॉन व्हॅली तिथेच उभी राहिली. १९५७मध्ये विल्यम शॉकली यांची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली. तिच्यातून बाहेर पडून त्या आठांपैकी नॉइस आणि मूर यांनी १९६८मध्ये इंटेल. त्याच १८७२ साली असे करार निरर्थक ठरवणारे भारतीय करार कायद्याचे कलम २७ आले. दोन्ही तरतुदींचे मूळ वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी लिहिलेल्या दिवाणी संहितेच्या मसुद्यात आहे, आणि खुद्द न्यूयॉर्कने तो नाकारला! त्यामुळे हिंजवडीत नोकरी सोडणाऱ्या इंजिनिअरला जे स्वातंत्र्य आहे, ते तोच इंजिनिअर एच-१बी व्हिसावर फ्लोरिडात गेला की गमावू शकतो. नोकरी गेल्यावर नवा मालक शोधायला त्याला जेमतेम ६० दिवस मिळतात. त्यात ओळखीच्या कंपन्यांची दारे कराराने बंद असली, तर त्याने जावे कुठे? फ्लोरिडाने तर जुलै २०२५पासून जास्त पगाराच्या नोकरदारांवर चार वर्षांपर्यंतची बंदी घालण्याची मुभा दिली आहे. चार वर्षांत तंत्रज्ञाचे ज्ञान शिळे होते.

म्हणून हा प्रश्न कमिशनच्या नियमावर न सोडता अमेरिकी काँग्रेसने कायद्यानेच सोडवावा. मिनेसोटाच्या विधिमंडळाने १ जुलै २०२३पासून अशा करारांवर बंदी आणली. पण तो कायदा त्या तारखेनंतरच्या करारांनाच लागू आहे. काँग्रेसच्या कायद्यात जुने करारही आले पाहिजेत, कारण आज अडकलेल्या माणसाची सही आधीच होऊन गेली आहे.