घरच्या साबणाचा हिशेब

महागाई वाढली की गृहिणींना काटकसरीचे धडे देणाऱ्यांचा सुकाळ होतो. सातारा-सांगलीकडील बचत गटांच्या शिबिरांतून धुण्याचा साबण घरीच करण्याचा पाठ अशा वेळी आवर्जून दिला जातो. पाठ वाईट नाही. त्यामागचा हिशेब मात्र अपुरा आहे, आणि तो पुरा मांडणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

किलोभर शेंगदाणा तेलाचा साबण करावयाचा तर सुमारे 135 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाणी धरून हाती दीड किलोच्या आतबाहेर ओला साबण येतो आणि तो वाळून आणखी घटतो. म्हणजे खर्च जवळजवळ सगळा तेलाचा. जे तेल फोडणीला पुरत नाही, तेच पातेल्यात ओतून साबण करणे ही काटकसर नव्हे. वडा-भजीच्या गाड्यांवरचे वापरलेले तेल किंवा करंजीचे अखाद्य तेल मिळाले, तरच हे गणित जमते. शिवाय कॉस्टिक ही खेळण्याची वस्तू नाही. ते पाण्यात हळूहळू टाकावयाचे असते. त्यावर पाणी ओतले तर ते उसळून डोळ्यांत उडते. गरिबाच्या घरी बहुतेक भांडी जर्मनची, आणि कॉस्टिक जर्मनचे भांडे खाऊन टाकते. पुढे महिनाभर वड्या वाळत ठेवावयाच्या, त्याही लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी. एका खोलीच्या घरात ती जागा कोठून आणावयाची, हे शिबिरात कोणी सांगत नाही.

त्यातून पाण्याचा प्रश्न. कृष्णाकाठी नदीवर धुणे नेणाऱ्या बाईचा साबण आणि जत, आटपाडी, माण, खटावकडे बोअरच्या जड पाण्यात धुणाऱ्या बाईचा साबण यांत मोठे अंतर आहे. पाण्यातील चुना साबणाशी मिळून त्याचा चिकट साका बनवतो. फेस येण्यापूर्वीच अर्धी वडी झिजते आणि कपडे करडे पडतात. तेलापासून केलेल्या घरगुती साबणाला ही खोड अधिक; धुण्याचा सोडा घालून पाणी आधी मऊ करावे लागते. म्हणजे ज्या तालुक्यांत मजुरी सर्वांत कमी, तेथेच एक सदरा धुण्याचा खर्च सर्वांत जास्त. नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीला भरविल्या, तेव्हा चर्चा शेतीच्या पाण्याची होती, आणि ते योग्यच होते. पण त्याच पाण्याशी बाईच्या मनगटाचाही संबंध होता.

या सगळ्या हिशेबात बाईचे श्रम शून्य रुपयांचे धरलेले असतात. रोजगार हमीच्या कामावरून किंवा उसाच्या फडातून परतलेल्या बाईने रात्री साबण घोटावा आणि जी बचत होईल ती घरखर्चात विरून जावी, अशी ही योजना! 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी काटकसरीचे वर्ग मागितले नव्हते. त्यांनी तेलाचे आणि धान्याचे भाव मागितले होते.

तरीही साबणाचा उद्योग टाकाऊ ठरत नाही. अहमदाबादेत 1969 साली करसनभाई पटेल घराच्या आवारात हाताने पावडर मिसळून सायकलवरून विकत. ती स्वस्त पडली याचे कारण ती घरी केली हे नव्हते. माल सरळ गिऱ्हाइकाच्या दारात जात होता, मधला खर्च वाचत होता. पुढे त्याचा प्रचंड कारखाना झाला, हा भाग वेगळा. गावातल्या वीस बायकांनी तेल व सोडा ठोक घेऊन एका सामायिक शेडमध्ये साबण केला, तर मजुरी हिशेबात धरूनही तो परवडू शकेल. रस्त्याकडेच्या आणि ओढ्याकाठच्या करंजीच्या बिया उन्हाळ्यात मातीत जातात; त्या वेचणारीला वजनावर दाम मिळाला पाहिजे. 1957 साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला, तेव्हा अखाद्य तेल आणि साबण हा उद्योग त्याच्या कक्षेत होताच. धोरण जुनेच आहे. गावोगावी शेड आणि घाणी मात्र उभी राहिली नाहीत.

आणि कर? सप्टेंबर 2025 मध्ये अंगाच्या साबणाच्या वडीवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कपडे धुण्याची पावडर 18 टक्क्यांतच राहिली. मातीत आणि मळीत राबणाऱ्यांच्या घरी कोणता साबण अधिक खपतो, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुढच्या महागाईविरोधी निवेदनात धान्य-तेलाखाली हे कलम आले पाहिजे, आणि त्यासोबत प्रत्येक ग्रामपंचायतीने गावच्या बोअरचे पाणी तपासून त्याचा जडपणा चावडीवरच्या फलकावर लिहावा, ही मागणीही.