वाटी भरलेली, जीव उपाशी

गोंदियाच्या बाजारपेठेत तांदळाचा व्यापार पिढ्यान्पिढ्या सांभाळणाऱ्या घरांना मुक्या जीवांचे चारापाणी नवे नाही. दाराशी आलेल्या गाईला पहिली पोळी द्यावी, गच्चीवर पाखरांसाठी कणी टाकावी, उन्हाळ्यात मातीच्या परळात गाळलेले पाणी ठेवावे, हे संस्कार लहान मुलेही न सांगता पाळतात. अशाच एखाद्या घरी मुलांच्या हट्टाखातर गिनीपिग हा नवा पाहुणा येतो. नावात ‘पिग’ असले तरी या जीवाचा डुकराशी काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील, पूर्णतः शाकाहारी जीव आहे. शाकाहारी म्हणून तो आपल्या घरात सहज सामावेल, असे सर्वांना वाटते.

मग त्याच्यापुढे प्रेमाने वाटी भरली जाते. भात, पोळीचा तुकडा, खाखऱ्याचा चुरा, भिजवलेली डाळ. वाटी कधी रिकामी राहत नाही. तरीही दोन-तीन आठवड्यांत तो मलूल होतो, केस राठ होतात, चालताना पाय ओढतो, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, उचलून घेतले की वेदनेने ओरडतो. घरातील मंडळी बुचकळ्यात पडतात. खायला तर भरपूर दिले, मग उणे काय पडले?

उणे पडले ते ‘क’ जीवनसत्त्व. गाय, कुत्रा, उंदीर यांचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करते. गिनीपिगला ते साधत नाही आणि माणसालाही साधत नाही. या साम्यामुळेच १९०७ मध्ये नॉर्वेतील अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिश या शास्त्रज्ञांना स्कर्व्ही या रोगाचे मर्म उमगले. केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना तोच रोग जडला, जो लांबच्या सफरीवरील खलाशांचे प्राण घेत असे. आणि ताज्या भाज्या व लिंबाचा रस दिल्यावर तो हटला. माणसाला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जीवांनी वेदनेने मोजली आहे. त्यांच्याच वंशातील एखादा जीव आपल्या घरी येऊन त्याच रोगाने झिजावा, ही गोष्ट दयाधर्म मानणाऱ्या कुटुंबाला शोभणारी नाही.

प्रौढ गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. गाभण मादीला त्यातील वरच्या मापाचे. ते ताज्या हिरव्या पाल्यातून मिळते. मात्र पाला हे त्याचे मुख्य अन्न नव्हे. मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत, तेही अहोरात्र समोर असलेले. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळल्यानेच ते झिजतात. आपल्या जिल्ह्यात भाताचे तणस मुबलक मिळते. पण ते राठ आणि निकस असल्याने गवताची जागा घेऊ शकत नाही. हरळीसारखे कोवळे गवत, औषध न फवारलेल्या आणि रस्त्याच्या धुळीपासून दूर असलेल्या जागेतून आणलेले, उत्तम ठरते.

पाल्यात पहिला मान कोथिंबिरीचा, म्हणजे आपल्याकडील सांबाराचा. तो रोज चालतो. पुदिन्याची चार-सहा पाने आणि शेपूच्या एक-दोन काड्या अधूनमधून द्याव्यात. ढोबळी मिरचीच्या दोन-तीन फोडी बी काढून रोज दिल्या, तर ‘क’ जीवनसत्त्वाची चिंता बरीच मिटते. सर्व मिळून दिवसाला एक वाटी पुरे. नवा पाला एकदम भरपूर देऊ नये. पहिल्या दिवशी दोन पाने, मग हळूहळू वाढवावे. मेथी कॅल्शियममुळे क्वचितच द्यावी. पालक, चुका, राजगिरा यांत ऑक्झलेट अधिक असते आणि ते वारंवार दिल्यास मूत्रखडे होण्याचा धोका वाढतो. कोबीने पोट फुगते. गिनीपिगला उलटी करता येत नाही; पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नाही.

कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब आणि पाने, टोमॅटोची पाने ही त्याच्यासाठी विषसमान आहेत. यांतील कंदमुळे जैन स्वयंपाकघरात मुळातच नसतात, हे त्या जीवाचे भाग्य. तथापि भाजीबाजारातून फुकट मिळालेल्या पाल्यात कांद्याची पात मिसळलेली असू शकते. असा पाला निवडल्याशिवाय देऊ नये. अंगणातील कण्हेर, घाणेरी आणि दिवाणखान्यातील मनीप्लांट यांच्यापासूनही त्याला दूर ठेवावे.

पाला निवडण्याची जी रीत आपल्या घरातील श्राविका पाळतात, तीच येथे उपयोगी पडते. प्रत्येक काडी उजेडात पाहावी, अळी वा किडा असल्यास जयणेने बाजूला सोडावा, पाला गाळलेल्या पाण्यात दोन-तीनदा धुवावा आणि निथळून कोरडा करावा. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी आणलेला पाला दुपारपर्यंत कोमेजतो. पिवळा पडलेला, चिकट झालेला पाला कधीही देऊ नये. त्या उन्हात पाल्याइतकीच थंड, हवेशीर जागाही महत्त्वाची.

आता खरा प्रश्न. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाजी येत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असते. तेव्हा या जीवाचे काय? एखाद्या तिथीला पाला नसला, तर वाळलेल्या गवतावर त्याचा दिवस निभावतो. परंतु चार महिन्यांचा खंड त्याला सोसवत नाही. पालेभाजीचा नियम असलेल्या घरात ढोबळी मिरची हा मार्ग आहे. तेही नको असेल तेथे पशुवैद्याच्या सल्ल्याने ‘क’ जीवनसत्त्व तोंडाने देता येते. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, म्हणून त्यावर विसंबू नये. चौविहाराच्या वेळी उरलेला पाला काढून घ्यावा, कारण रात्रभर तो कुजतो. पण गवत आणि पाणी मात्र राहू द्यावे. गिनीपिग दिवसरात्र थोडे थोडे खातो आणि बारा तासही पोट रिकामे राहिल्यास त्याचे आतडे मंदावून जिवावर बेतू शकते. पर्युषणात घरातील चूल थंड असली, तरी त्याच्या गवताची सोय आधीच केलेली असावी.

व्रत हे समजून, स्वेच्छेने घेतलेले असते. उपवासात निर्जरा आहे ती पच्चक्खाण घेणाऱ्याच्या भावामुळे. ज्याला पच्चक्खाण ठाऊक नाही, त्याच्यावर लादलेला उपवास हा तप नव्हे, ती केवळ उपासमार आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिंजऱ्यात जीव ठेवणारा पहिल्या अतिचाराच्या उंबरठ्यावर उभाच असतो. म्हणून प्राणी आणण्यापूर्वीच विचार व्हावा. हा जीव पाच ते आठ वर्षे जगतो, एकटा राहिला तर झुरतो, त्याला सोबती आणि फिरायला मोकळी जागा लागते. एवढी जबाबदारी पेलणार नसेल, तर मुलाचा हट्ट गच्चीवरच्या पाखरांकडे वळवणे अधिक श्रेयस्कर.

पण जीव घरात आलाच असेल, तर पाचव्या अतिचाराचा अर्थ थोडा खोल जाऊन पाहावा लागतो. वाटी रिकामी ठेवणे हा अन्नपाननिरोध आहे, हे सर्वांना समजते. ज्या अन्नावाचून त्याचे शरीर चालत नाही, नेमके तेच न देता वाटी भरणे हाही त्याचाच एक प्रकार नव्हे काय? व्यापारी घरात वहीचा हिशेब रोज रात्री जुळवला जातो. त्याच वेळी मुलांनी पिंजऱ्याजवळ जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: गवत आहे ना, पाणी आहे ना, आज हिरवे मिळाले होते ना. एवढा हिशेब रोज जुळला, तरी जीवदयेचा पाठ मुलांना पुस्तकाविना मिळेल.