रांगेतला एकच पॅनेल बदलायचाय? आधी सगळी रांग वाचा!

इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला नवं सबस्टेशन काढायला सांगा, सिंगल लाइन डायग्राम काढून तो मोकळा होतो. पण चाळीस वर्षं चालू असलेल्या आठ पॅनेलच्या रांगेतला मधलाच एक बदलायला सांगा, की झाली पंचाईत! कारण हे आपल्याला कुणी शिकवतच नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, की आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याला यापुढे हेच काम जाणणाऱ्यांची जास्त गरज लागणार आहे.

थोडा इतिहास बघा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड भरत गेलं. ज्याला आपण अजून 'नवं' म्हणतो त्या चाकणमध्ये बजाजचा कारखाना १९९९ ला आला, फोक्सवॅगनचा २००९ ला. म्हणजे चाकणसुद्धा आता वयात आलंय. कारखान्यात यंत्रं बदलतात, मॉडेलं बदलतात, पण २२ केव्हीच्या एचटी पॅनेलला सहसा कुणी हात लावत नाही. चालतंय ना, चालू द्या!

मग एक दिवस जुना ऑइल ब्रेकर दगा देतो. स्पेअर मिळत नाहीत, ते मॉडेल कधीच बंद झालेलं. सगळी रांग बदलायला ना पैसे, ना तेवढा शटडाऊन. तेव्हा दोनच वाटा उरतात. एक म्हणजे जुन्या कपाटात व्हॅक्यूम ब्रेकरची नवी ट्रॉली बसवायची, म्हणजेच रेट्रोफिट. दुसरी म्हणजे तो पॅनेल अख्खा काढून तिथे नवा उभा करायचा. खरी कसोटी या दुसऱ्या वाटेवर आहे.

होस्टेलवाल्यांना पटेल असं सांगतो. तीन जुने पार्टनर असलेल्या रूममध्ये वर्षाच्या मध्येच चौथा येतो. त्याची कॉट नवी असली तरी पंखा, प्लग पॉइंट आणि दार सगळ्यांचं एकच! पॅनेलचंही तसंच. बसबारची उंची, जाडी आणि फेजचा क्रम शेजाऱ्यांशी जुळला पाहिजे. मेक वेगळा असेल तर मध्ये ॲडाप्टर पॅनेल लागतो. जुनी केबल नव्या टर्मिनलपर्यंत पोचते का? बॅटरी ३० व्होल्टची आणि नवी ट्रिप कॉइल ११० ची, असं तर नाही ना? इंटरलॉकच्या वायरी शेजारच्या पॅनेलमधून फिरलेल्या असतात, आणि ड्रॉइंग एक तर सापडत नाही, सापडलंच तर प्रत्यक्षाशी जुळत नाही.

पण याहून मोठी गोष्ट आकड्यांत लपलेली आहे. जुन्या पॅनेलच्या पाटीवर क्षमता एमव्हीएमध्ये असते. समजा ५०० एमव्हीए आहे. २२ केव्हीला तिचे होतात साधारण १३ किलोॲम्पिअर. नवा पॅनेल येतो २५ चा. सगळे खूश! पण फॉल्टचा करंट जुन्या बसबारमधूनच जाणार, तेव्हा रांगेची ताकद १३ च राहिली. दुसरीकडे, पुरवठा करणारं जाळं मात्र वाढतच गेलंय. १०० एमव्हीएचा २२०/२२ केव्ही ट्रान्सफॉर्मर घ्या. इम्पीडन्स १२.५ टक्के धरला तर त्याच्या २२ केव्ही बाजूला फॉल्ट ८०० एमव्हीएपर्यंत, म्हणजे २१ किलोॲम्पिअर जाऊ शकतो. कारखान्यापर्यंतच्या केबलमुळे तो कमी होतो, हे खरं. पण किती कमी होतो? हा हिशेब ऑर्डर देण्याआधीच झाला पाहिजे. आणि उत्तर वाईट आलं, तर 'एक पॅनेल बदलून भागणार नाही' हे साहेबांना तोंडावर सांगायची हिंमतही पाहिजे.

चाचणीचंही तेच त्रांगडं. २४ केव्ही वर्गाचा नवा पॅनेल फॅक्टरीत ५० केव्हीवर एक मिनिट टिकून आलेला असतो. चाळीस वर्षं जुन्या इन्सुलेशनला तेवढंच व्होल्टेज द्यायचं का? दिलं तर जुना भाग फुटायची भीती, नाही दिलं तर नव्या-जुन्याच्या सांध्याची खात्री कशी देणार? आयईसी ६२२७१-२०० ची टाइप टेस्ट त्या मेकच्या त्या रचनेची असते, दोन मेकच्या सांध्याची नव्हे. म्हणून नव्याची चाचणी वेगळी घ्यावी, सांध्याचा मायक्रो-ओहम मोजावा आणि जोडल्यानंतरचं व्होल्टेज आधीच लेखी ठरवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे माणूस. रांगेत बस कपलर असला की मोह होतो, अर्धी रांग बंद करू, अर्धी चालू ठेवू. म्हणजे पत्र्याच्या एका बाजूला काम करणारा हात आणि दुसऱ्या बाजूला जिवंत २२ केव्ही! ट्रेनिंगला असताना एका कारखान्यात गुरुवारच्या सुट्टीत असं काम मी पाहिलं. संध्याकाळच्या शिफ्टला सप्लाय हवा म्हणून सुपरवायझर घाई करत होते. कंत्राटदाराकडचे फिटर काका शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी अर्थिंग दाखवा, मग हात लावतो." तास गेला, पण अर्थिंग झालं. हा धडा कुठल्या पुस्तकात आहे हो?

कुणी म्हणेल, ही फिटरची कामं, इंजिनिअरने डिझाइन करावं. मला हे मान्य नाही. कोऱ्या कागदावर रेघ मारणं सोपं असतं. दुसऱ्याने मारलेल्या जुन्या रेघेला आपली रेघ जोडणं, हे खरं डिझाइन.

म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. लॅबमधला जुना ऑइल ब्रेकर आणि सीडीजी रिले भंगारात काढू नका. फायनल इयरच्या एका तरी ग्रुपला जुन्या पॅनेलचं खरं ड्रॉइंग काढायचं प्रोजेक्ट द्या. आणि मित्रांनो, सुरुवात लांब कशाला? आपल्या कॉलेजच्याच सबस्टेशनच्या पाटीवर किती एमव्हीए लिहिलंय, परवानगी काढून एकदा वाचून तर या!