सरकी गोठ्यातही जाते



पऱ्हाटी आपण कापसासाठी पेरतो. पण रुई निघाली की सरकी उरते. तिचं तेल आपल्या कढईत येतं आणि ढेप गाईच्या घमेल्यात. म्हणून कापसाचं बियाणं निवडताना गोठाही डोळ्यांपुढे ठेवा.

जनुक बदललेल्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्याआधी ती सरकी गाई, शेळ्यांना खाऊ घालून पाहिली गेली. तसंच बीटी वांगं उंदरांना ९० दिवस चारलं होतं. एवढी तपासणी पुरेशी नाही, दीर्घकाळाची आणि स्वतंत्र हवी, असे आक्षेप आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारनं बीटी वांग्याची लागवड रोखली.

तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कापसाला, म्हणजे आपल्याकडच्या चोर बीटीला, परवानगी नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरलं. निंदणाची मजुरी किती जड जाते, हे आम्ही जाणतो. पण चोरट्या पाकिटाला ना बिल, ना पत्ता. आत काय आहे, याची हमी कोण देणार?

म्हणून एवढं करा.

बियाणं परवाना असलेल्या कृषी केंद्रातूनच घ्या. पक्कं बिल मागा. रिकामं पाकीट आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

ढेप हातानं फोडून पाहा. कुबट वास आला, बुरशी दिसली, तर जनावराला घालू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि ते दूध लेकरं पितात.

लहान वासराला सरकी देऊ नका. देशी असो की बीटी, सरकीत गॉसिपॉल नावाचं विष मुळातच असतं. मोठी गाय ते बऱ्याच अंशी पचवते. वासराच्या पोटाला ते झेपत नाही.

तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचं गवत कापून आणू नका.

जनावरानं खाणं सोडलं तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ते दगावलं तर शवविच्छेदन करून घ्या. ढेपेचा नमुना ठेवा. त्याशिवाय कारण कळणार नाही, भरपाईही मागता येणार नाही.

आणि कोणी म्हणालं, "हे बियाणं तपासलेलं आहे," तर तीन गोष्टी विचारा. कोणत्या जनावरावर? किती दिवस? कोणी तपासलं?

तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत ते पाकीट घरी आणू नका.