'वाशीला इतिहास नाही' म्हणणाऱ्यांसाठी

१/ नवी मुंबईविषयी एक वाक्य वर्गावर्गांतून ऐकू येते : 'हे कालपरवाचे शहर, येथे कसला इतिहास?' मग वाशीतील विद्यार्थ्याचा 'स्थानिक इतिहास' प्रकल्प म्हणजे पुठ्ठ्याचा प्रतापगड आणि कोठून तरी उतरवलेल्या तयार स्लाइड. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले : 'ऑनलाइन साहित्यच मिळत नाही.' हे उत्तर खोटे आहे.

२/ साहित्य आहे. ते चुकीच्या नावाने शोधले जाते. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधीच्या कागदांत 'नवी मुंबई' सापडेल कशी? हा मुलूख तेव्हा ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत होता. कुलाब्याचे 'रायगड' झाले १९८१ साली. इंग्रजी अमदानीत ठाण्याच्या रोमन स्पेलिंगच्या शेवटी 'ई' नव्हे, 'ए' असे. एवढे एक अक्षर बदलले तरी शोधाचे दार उघडते.

३/ त्या दारामागे पहिले भेटते मुंबई इलाख्याचे गॅझेटियर. ठाणे जिल्ह्याचे खंड १३ व १४ हे १८८२ साली प्रसिद्ध झाले. आज रायगडात असलेले पनवेल आणि उरण त्यांत ठाणे जिल्ह्यात आहेत. खाड्या, बंदरे, मिठागरे, भातशेती, माणसे : सारे तेथे नोंदलेले आहे. शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर हे ग्रंथ विनामूल्य वाचता येतात.

४/ मात्र गॅझेटियर म्हणजे वेदवाक्य नव्हे. ते राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिले गेले. आगरी-कोळ्यांविषयीचे त्यातील शेरे साहेबी नजरेचे आहेत. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाला विचारले नाही : हे प्रश्न शिकवण्याची याहून चांगली संधी कोणती?

५/ दुसरे साधन जनगणनेचे. १९६१ आणि १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिका जनगणना विभागाच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. गावनिहाय तक्ते : लोक किती, साक्षर किती, शेतकरी किती, शेतमजूर किती. 'येथे ओसाड जमीन होती' या दंतकथेला यापेक्षा नेमके उत्तर नाही.

६/ १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. पुढे ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. एका हाती नियोजनाचा नकाशा, दुसऱ्या हाती त्याच गावांचा जनगणना तक्ता. दोन्ही बाकावर शेजारी ठेवले, की इतिहासाचा तास सुरू होतो.

७/ आणि मग तो तास जासईला पोहोचतो. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या योजनेमागे हे रक्त आहे. विमानतळाच्या नावावरून दिबांचे नाव घरोघरी पोहोचले; त्यांचा लढा वर्गात पोहोचला का?

८/ तयार स्लाइडमध्ये तो सापडणार नाही. तेथे ना मूळ कागदाचा पत्ता, ना लिहिणाऱ्याचे नाव, ना साल. कष्ट वाचवणारे असे साहित्य विद्यार्थ्याला एकच गोष्ट शिकवते : कोणी सांगितले की मान डोलवावी. अफवांना असाच वाचक हवा असतो.

९/ शिक्षकांवर अभ्यासक्रमाचा, निवडणुकीच्या कामांचा, कागदपत्रांचा भार आहे, हे मान्य. जुने ग्रंथ इंग्रजीत आहेत, हेही खरे. पण संपूर्ण खंड कोण मागतो? एक पान, एक तक्ता, एक नकाशा. त्या पानाचे मराठी विद्यार्थ्यांनीच करावे. तोही इतिहासाचाच अभ्यास.

१०/ १९७० साली विशीत असलेली माणसे आज पंचाहत्तरी ओलांडत आहेत. वाशीगाव आणि जुहूगावच्या ओट्यांवर ती अजून बसलेली दिसतात. आपले शेत कोठे होते, कोणत्या इमारतीखाली गेले, हे ती बोट दाखवून सांगतात. गॅझेटियर पुढच्या वर्षीही संकेतस्थळावर असेल. त्या ओट्यांवरची जागा रिकामी होत चालली आहे. ज्यांना इतिहास हवा, त्यांनी आधी तेथे जावे.